गुण, आलेख आणि एक लाल गाडी

माझ्या धाकट्या भावाने मागच्या उन्हाळ्यात आपली गाडी 'डायनो'वर नेली, आणि त्यावरून आमच्या घरात जो वाद सुरू झाला तो अद्याप पुरता मिटलेला नाही. वादाचा विषय साधा होता. गाडी चांगली पळते हे चालवणाऱ्याला कळत असताना ती किती अश्वशक्तीची आहे हे कळण्यासाठी काही हजार रुपये खर्च करावेत काय? मी अर्थातच 'करू नयेत' या पक्षाची होते. मराठीच्या अध्यापिकेने आकड्यांच्या बाजूने उभे राहणे हे आमच्या व्यवसायात जवळजवळ धर्मांतर समजले जाते. भाऊ 'करावेत' म्हणत होता. पण त्याचे कारण मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटलेले नाही. त्याला मित्रांना सांगायला एक आकडा हवा होता. तिसरा पक्ष आमच्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा. त्यांचे म्हणणे एका वाक्याचे होते : "इंजिन ब्रेकवर घेतल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलू नये."

आप्पा पिंपरी-चिंचवडच्या एका इंजिन कारखान्यात एकतीस वर्षे टेस्ट बेडवर होते. जुळणी होऊन आलेले डिझेल इंजिन चौथऱ्यावर बसवायचे, त्याचा दांडा पाण्याच्या ब्रेकला जोडायचा, भार वाढवत न्यायचा आणि प्रत्येक टप्प्यावरचे आकडे वहीत उतरवायचे, हे त्यांचे काम. इंजिन जोरात फिरते आहे याला त्यांच्या लेखी काही किंमत नव्हती. मोकळे फिरायला काय लागते, असे ते म्हणत. कोणी अडवल्यावर ते किती जोर लावते, ही खरी परीक्षा. घरातही त्यांचा हाच खाक्या होता. आमचे निकाल लागले की त्यांचा एकच प्रश्न असे : "किती?" मी बारावीत असताना महाविद्यालयाच्या अंकात माझी पहिली कविता छापून आली. ती त्यांनी वाचली, घडी घातली, आणि विचारले, "मराठीत किती पडले?" साहित्याकडे मी का वळले याची जी कारणे मी मुलाखतींतून देत आले, त्यांत हे कारण कधी सांगितले नाही. 'किती' हा प्रश्न जिथे विचारता येणार नाही अशी एखादी जागा मला हवी होती.

असो. डायनो म्हणजे डायनॅमोमीटर. शब्दशः, शक्तीचा मापक. कल्पना जुनी आहे. फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ च्या सुमारास फिरत्या चाकाला लाकडी ठोकळ्यांची पकड बसवली, पकडीला एक लांब दांडा जोडला आणि त्या दांड्याच्या टोकाला किती वजन टांगले असता तो समतोल राहतो यावरून यंत्राचा जोर काढला. पुढे १८७७ मध्ये विल्यम फ्रूड याने जहाजांच्या मोठ्या इंजिनांसाठी ठोकळ्यांऐवजी पाण्याचा ब्रेक तयार केला. आप्पांचा ब्रेक याच कुळातला. 'ब्रेक हॉर्सपॉवर' या शब्दातला ब्रेक तो हाच. आणि त्यातला घोडा जेम्स वॉटचा. आपले वाफेचे इंजिन विकायचे तर गिऱ्हाइकाला त्याच्या तबेल्याच्या भाषेत सांगितले पाहिजे, हे वॉटने ओळखले होते. म्हणून एका घोड्याचे काम मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असे त्याने ठरवून टाकले. आज आपण ज्याला वस्तुनिष्ठ एकक मानतो त्याच्या मुळाशी अशी एक उपमा आहे, आणि तीही विक्रेत्याने दिलेली. शिवाय घोडाही एक नाही. इंग्रजी घोडा ७४६ वॉटचा, तर युरोपातला मेट्रिक घोडा साडेसातशेला बराच कमी, सुमारे ७३५ वॉटचा. हे सारे मी भावाला मोठ्या समाधानाने ऐकवले. तो म्हणाला, "ताई, तू फक्त गाडीत बस."

गाडी लाल रंगाची, एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची. कंपनीच्या पत्रकाप्रमाणे ११० अश्वशक्ती. भावाने सहा महिन्यांपूर्वी तिचा 'रिमॅप' करून घेतला होता. आजच्या इंजिनात किती इंधन सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, टर्बोने हवा किती दाबायची हे एक छोटा संगणक ठरवतो; त्यातली कोष्टके बदलली की तेच इंजिन अधिक जोर देते. हे काम करणाऱ्या गृहस्थांनी १४० अश्वशक्तीचे आश्वासन दिले होते, आणि भावाला ते जाणवतही होते. "गाडी उडते," असे तो म्हणे. मी त्याच्याशेजारी बसून अनुभव घेतला होता आणि मलाही ते खरे वाटले होते. हे नमूद करणे भाग आहे, कारण पुढे जे झाले त्यात आम्हा दोघांच्याही प्रत्यक्ष अनुभवाची फजिती आहे.

पुण्याबाहेरच्या एका औद्योगिक वसाहतीतली ती शेड. जमिनीच्या पातळीला बसवलेले दोन जाड रोलर, त्यांवर गाडीची पुढची चाके, चारी बाजूंनी पट्ट्यांनी बांधलेली गाडी, आणि नाकासमोर एक भला मोठा पंखा. गाडी पूर्ण वेगाने धावणार आणि जागची हलणार नाही. यंत्र चालवणारा मुलगा पंचविशीचा असेल. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "रिमॅपच्या आधीचा रन आहे का?" नव्हता. "मग किती वाढलं ते कसं सांगणार?" असे तो सहज बोलून गेला. माझ्या मनात मात्र ते वाक्य राहिले. आम्ही दोघांनी जी 'वाढ' अनुभवली होती तिला आधीची बाजूच नव्हती. होती ती फक्त आठवण, आणि आठवण ही पैसे देऊन झाल्यानंतरची होती.

त्याने आम्हाला यंत्र समजावून दिले ते इतके नेमके की मला हेवा वाटला. हा रोलर किती जड आहे हे ठाऊक आहे. तो किती वेळात किती वेगाला पोचला हे मोजले जाते. त्यावरून त्याला फिरवणारा जोर काढला जातो. म्हणजे डायनो अश्वशक्ती पाहत नाही, तिचे अनुमान करतो. नैयायिकांच्या भाषेत हे प्रत्यक्ष प्रमाण नव्हे. आणि अनुमानात ज्या अटी असतात त्या इथेही आहेत. मोजला जातो तो चाकांपाशी पोचलेला जोर. इंजिनापासून चाकांपर्यंत गिअर, दांडे, बेअरिंगे आणि टायर आपापला वाटा खातात. हा वाटा पंधरा टक्के धरून इंजिनाचा आकडा सांगण्याची पद्धत आहे, पण तो सर्व गाड्यांत सारखा नसतो. टायरमध्ये हवा कमी असली, पट्टे जास्त आवळले, दुसरा गिअर निवडला, तरी आकडा बदलतो. त्यात हवामानाची दुरुस्ती आहे. थंड आणि दाट हवेत इंजिन अधिक जोर देते, म्हणून दिवसाचे तापमान व हवेचा दाब पाहून निकाल एका ठरावीक हवेवर आणला जातो. पण ही ठरावीक हवा कोणती यावरही दोन मते आहेत. अमेरिकेतल्या नव्या प्रमाणात ती पंचवीस अंशांची आहे, जुन्यात सुमारे साडेपंधरा अंशांची. जुने प्रमाण निवडले की त्याच गाडीचा आकडा तीन-चार टक्क्यांनी फुगतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्यामुळे इथे दुरुस्ती मोठी लागते. आणि टर्बोचे इंजिन विरळ हवा स्वतःच दाबून घेत असल्यामुळे ती दुरुस्ती त्याच्या बाबतीत गरजेपेक्षा उदार ठरू शकते.

मी विजयी मुद्रेने आप्पांकडे पाहिले. इतक्या 'जर-तर'वर उभा असलेला आकडा! ते शांतपणे म्हणाले, "म्हणून तर सगळं वहीत लिहायचं असतं."

पहिला रन झाला. त्या बंदिस्त शेडमध्ये इंजिन सहा हजार फेऱ्यांच्या वर गेल्यावर जो आवाज होतो त्याचे वर्णन मी करणार नाही. आकडा आला ११२, चाकांपाशी. भावाने फोटो काढला. दुसरा रन १०७. तिसरा १०३. भावाचा चेहरा उतरत गेला. मुलाचा मात्र बदलला नाही. तो म्हणाला, "आकडा नका बघू, रेघ बघा." आलेखावर शक्तीची रेघ चढत होती, पण साडेचार हजार फेऱ्यांच्या पुढे ती करवतीच्या दात्यांसारखी झाली होती, आणि प्रत्येक रनबरोबर दाते खोल होत होते. इंजिन नॉक करत होते. म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण ठिणगीने पेटल्यावर ज्योत पुढे सरकायच्या आत उरलेले मिश्रण आपोआप भडकत होते. अशा वेळी संगणक ठिणगी मागे घेऊन इंजिनाला वाचवतो, आणि जोर घटतो. बदललेली कोष्टके जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिली होती. भाऊ भरत होता नेहमीचे, ९१ ऑक्टेनचे. थंड इंजिनाला पहिल्या रनमध्ये ते खपून गेले. आत येणारी हवा तापत गेली तसे ते खपेना. उन्हाळ्यात खंबाटकीचा घाट चढताना रोज हेच होत असणार होते. संगणक किती दिवस सांभाळून घेईल याची खात्री नव्हती, आणि तो कमी पडला तर पिस्टन फुटतो.

आप्पा मान हलवत म्हणाले, "नॉकिंग नाही. आवाज स्वच्छ आहे." एकतीस वर्षे इंजिने ऐकलेला माणूस. मुलाने वाद घातला नाही. त्याने इंजिनाच्या ठोकळ्याला एक छोटा मायक्रोफोन लावला होता, त्याचे हेडफोन भावाला दिले आणि चौथा रन घेतला. भावाने ऐकले. मग मी ऐकले : इंजिनाच्या घरघरीच्या वर, तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा बारीक, कोरडा आवाज. मग पाचव्या वेळी आप्पांनी हेडफोन घातले. डोळे मिटून ते पूर्ण रनभर उभे राहिले. हेडफोन काढून त्यांनी मुलाच्या हातात दिले. "मला नाही आलं ऐकू," ते म्हणाले. मग पडद्याजवळ जाऊन त्यांनी त्या करवतीच्या दात्यांवर बोट ठेवले आणि म्हणाले, "पण आहे. इथे आहे."

आप्पांना कमी ऐकू येते हे घरात सर्वांना माहीत होते. त्यांना स्वतःला ते मान्य नव्हते. आम्ही पुटपुटतो, टीव्हीवाले भरभर बोलतात, असे त्यांचे म्हणणे असे. कानाच्या तपासणीचा विषय काढला की ते म्हणत, "मला ऐकू येतं की नाही ते मला कळतं." प्रत्येक इंजिन ब्रेकवर घेणारा माणूस स्वतःला मात्र अनुभवाच्या साक्षीवर सोडत होता, नेमकी तीच भूमिका मी साहित्याबद्दल आणि भाऊ गाडीबद्दल घेत होतो.

इथे मापनावरचा एक गंभीर आक्षेप नोंदवला पाहिजे, कारण तो माझाच आहे. गाडी बांधून मोजली जाते. रस्त्यावर ती बांधलेली नसते. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचे प्रकरण जगापुढे आले. आपण तपासणीच्या रोलरवर आहोत हे त्या गाड्यांचा संगणक ओळखत असे. चाके फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, अशा खुणांवरून. मग तो धूर नियमात ठेवी. रस्त्यावर उतरताच काही गाड्यांतला नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा धूर मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत जाई. हे उघडकीला आले ते गाड्या रस्त्यावर चालवून, धूर मोजायचे यंत्र सोबत नेऊन. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, पुण्याच्या टेकडीवरच्या 'एआरएआय'ने केलेल्या चाचण्यांनंतर, भारतातल्याही तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याची घोषणा झाली. हे वाचताना मला माझे विद्यार्थी आठवले होते. परीक्षेचे रोलर ओळखून त्यापुरते आदर्श उत्तर लिहिणारे, आणि पेपर संपल्यावर कवितेचे पुस्तक कधी न उघडणारे. 'मापन फसवे असते' या माझ्या मताला मिळालेला हा सर्वांत मोठा पुरावा, असे मी तेव्हा म्हणाले होते.

पण शेडमधल्या त्या दुपारनंतर याच प्रकरणाची दुसरी बाजू दिसली. फसवणूक पकडली गेली तीही मोजूनच. फक्त दुसरीकडे आणि दुसऱ्या प्रकारे मोजून. उलट उदाहरणेही आहेत. अमेरिकेत १९९९ सालच्या मस्टँग कोब्राच्या मालकांनी आपल्या गाड्या खासगी डायनोवर चढवल्या आणि ३२० अश्वशक्तीचा दावा खरा नाही हे दाखवून दिले. फोर्डला त्या गाड्या परत बोलावून दुरुस्त कराव्या लागल्या. २००१ मध्ये मिआटाचा जाहीर केलेला आकडा माझ्दाला खाली आणावा लागला आणि ग्राहकांना गाडी परत करण्याची मुभा द्यावी लागली. ज्याच्या हाती दुसरे काही नाही अशा सामान्य माणसाला पत्रकातल्या शब्दाविरुद्ध बोलण्याचे ते एक साधन होते. शब्दप्रामाण्याला प्रश्न विचारणे हे तर आम्ही वाङ्मयाच्या वर्गात शिकवत असतो.

पंधरा दिवसांनी भाऊ पुन्हा गेला. आप्पा आणि मीही. या वेळी क्रम वेगळा होता. आधी कंपनीची मूळ कोष्टके परत घातली आणि रन घेतला : ९२. मग नेहमीच्या पेट्रोलला मानवेल अशी सौम्य कोष्टके लिहिली, त्याच दिवशी, त्याच पट्ट्यांत, त्याच गिअरमध्ये. तीन रन : १०८, १०७, १०८. रेघ गुळगुळीत. पहिल्या भेटीतल्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा चारने कमी, आणि गाडी मात्र निःसंशय बरी. खरी वाढ सोळाची. आश्वासन तिसाचे होते. एखाद्या डायनोवरचा १०८ आणि दुसऱ्या शहरातल्या डायनोवरचा ११५ यांची तुलना व्यर्थ आहे, हे आता मला माहीत आहे. पण एकाच यंत्रावरचे आधीचे आणि नंतरचे, हे अंतर खरे असते. डायनोवर जाणे सार्थ आहे काय, या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच. गाडी किती थोर आहे हे विचारायला जाणार असाल तर जाऊ नये. काय बदलले आणि कुठे बिघडते आहे हे विचारायचे असेल तर जावे.

आपल्या भाषेत 'गुण' या एका शब्दाने दोन गोष्टी सांभाळल्या आहेत. मम्मटाचे माधुर्य, ओज, प्रसाद हेही गुण. आणि शंभरपैकी मिळतात तेही गुण. मी आयुष्यभर पहिले शिकवले आणि दुसरे वाटले, आणि दोहोंचा काही संबंध नाही अशा समजुतीने वाटले. उत्तरपत्रिकेवर शेवटी एक आकडा, गोल काढलेला. आकडा खोटा असतो असे मी मानत होते, म्हणून तो देताना फारसा विचारही करत नव्हते. आणि ही जबाबदारीतून सुटण्याची सोयीची वाट होती. एका विद्यार्थिनीने मला एकदा विचारले होते, "बाई, एकोणचाळीस का?" मी म्हणाले होते, "गुणांना फार महत्त्व देऊ नकोस." तिला महत्त्व नको होते, आलेख हवा होता. माझे लेखन नेमके कुठे तुटते, हे तिला विचारायचे होते. ते मला सांगता आले असते. मी आप्पांच्या 'किती'चा सूड एका अनोळखी मुलीवर घेत होते की काय, हा प्रश्न आता मला टाळता येत नाही.

जूनमध्ये आप्पा आपण होऊन कान तपासायला तयार झाले. काचेच्या खोलीत बसून, आवाज ऐकू आला की बटण दाबायचे. छापून आलेला कागद मी आधी पाहिला : डावीकडून बऱ्यापैकी सपाट चाललेली रेघ, आणि मग खाली कोसळलेली. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्यांचा कान बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपास आधी जातो, असे तिथल्या बाईंनी सांगितले. उरलेले वयाने झाले. इंजिनाची नॉकिंग त्याहून वरच्या पट्टीत वाजते. त्यांनी हजारो इंजिने पारखली, आणि ती पारख ज्या कानाने करायची तो कान त्यांतच खर्ची पडला. कारखान्याच्या वहीत याचा रकाना नव्हता.

आप्पांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, आणि बाईंना विचारले, "रन किती घेतले?" त्यांना प्रश्न कळला नाही. मी समजावून सांगितला. त्या हसून म्हणाल्या, "काका, प्रत्येक आवाज पुन्हापुन्हा देऊनच घेतलाय." तेव्हा त्यांनी मान डोलावली, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. माझी कविता ठेवली होती तसाच.

भाऊ अजून मित्रांना ११२ च सांगतो. यंत्र त्याच्यावर यावर बसवलेले नाही. मी मात्र आता उत्तरपत्रिकेवर आकड्याखाली एक ओळ लिहिते, उत्तर कुठे कोसळते त्याची. साठ पेपरांना त्यामुळे चार दिवस जास्त लागतात. आप्पांनी परवा त्यांतला एक गठ्ठा चाळला आणि नेहमीप्रमाणे "किती?" असे विचारले नाही. कानातल्या यंत्राला हात लावत, जरा मोठ्याने त्यांनी विचारले, "ही पोरगी कुठे पडते?" मी सांगितले. त्यांना ते पहिल्या खेपेला ऐकू आले.